माळावरचा फांसा

बारामती म्हटलें कीं मराठी वाचकाला मोरोपंत आठवतात आणि इंदापूर म्हटलें कीं मालोजीराजांची गढी. पहिल्या गांवीं बाबूजी नाइकांच्या आश्रयानें आर्यांचे मोठमोठे ग्रंथ सिद्ध झाले. दुसऱ्या गांवाशीं भोसले घराण्याच्या उदयकाळाची आठवण निगडित आहे. अलीकडच्या पिढ्यांना हे दोन तालुके ऊंस, साखर आणि द्राक्षें यांच्यामुळें ठाऊक आहेत. परंतु काव्य, तलवार आणि साखर या तिहींच्याहि आधींपासून या प्रदेशाचा आणखी एक इतिहास चालत आला आहे. तो कोणत्याहि वाड्यांत घडला नाहीं. तो उघड्या माळावर घडला. घोड्याच्या शेंपटीचे दोनचार केंस आणि बांबूची एक कामटी एवढेंच त्याचें मुख्य साधन होतें. त्या साधनाचें नांव फांसा.

फांशाला विकत घ्यावें असें फारसें कांहीं लागत नसे. तो हरवला तर हळहळ वाटूं नये इतका तो स्वस्त. आणि तरीहि या क्षुद्र वस्तूनें शेतकऱ्याचें पीक राखलें, एका सबंध जमातीला तिचें नांव दिलें, आणि शेवटीं सातासमुद्रांपलीकडच्या शास्त्रज्ञांच्याहि कामीं अशाच केंसाच्या फांसा आल्या व फांसे आले. त्याची हकीकत समजून घ्यावयाची तर प्रथम ती भूमि पाहिली पाहिजे.

सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस पुण्याच्या पूर्वेस येईपर्यंत थकून जातो. बारामती व इंदापूर या भागांत त्याचें वार्षिक मान वीस इंचांच्या आसपास असतें, आणि तेंहि भरंवशाचें नाहीं. अशा हवेंत दाट अरण्य वाढत नाहीं. वाढतें तें गवत. कऱ्हा, नीरा आणि भीमा यांच्या कांठची काळी जमीन सोडली कीं मुरमाड माळ सुरू होतो. पावसाळ्यांत तो हिरवा दिसतो, दिवाळीनंतर पिंवळा पडतो आणि होळीच्या सुमारास त्यावर कुसळांशिवाय कांहीं उरत नाहीं. परक्या माणसाला ही जमीन ओसाड वाटते. वस्तुतः काळवीट, चिंकारा, ससा, खोकड, लांडगा, तित्तिर, लावा आणि माळढोक यांचें हेंच घर. धनगरांचीं मेंढरें आणि घोड्यांचे तांडे यांनाहि याच गवताचा आधार होता. जुन्या महसुली कागदांत बारामतीच्या भोंवतालचा तालुका भीमथडी या नांवानें ओळखला जाई. भीमथडीचीं काटक तट्टें मराठ्यांच्या फौजेंत नांवाजलेलीं होतीं. ज्या माळानें हरिणें पोसलीं त्यानेंच घोडींहि पोसलीं, त्यामुळें शिकाऱ्याला फांशासाठीं लागणारा केंस दूर शोधावा लागत नसे.

फांशाची रचना सांगण्यास सोपी पण जमण्यास अवघड आहे. घोड्याच्या शेंपटीचे दोनतीन लांब केंस मांडीवर वळून एक बारीक दोरी करावयाची, तिच्या टोंकाला सरकगांठ मारावयाची आणि दुसरें टोंक बांबूच्या अणकुचीदार कामटीला बांधावयाचें. अशा पुष्कळ कामट्या एका दोरींत ओंवल्या कीं फांशांची माळ तयार होते. ती गुंडाळून झोळींत टाकावी आणि चालूं लागावें. पांखरांच्या वाटेवर कामट्या ओळीनें जमिनींत रोंवल्या म्हणजे प्रत्येक कामटीपुढें केंसाचें एक वर्तुळ गवतांत उभें राहतें. तें डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीं. पांखरू मान खालीं घालून धांवत येतें, त्याचा पाय किंवा गळा त्या वर्तुळांत जातो, तें पुढें ओढ घेतें आणि त्याच्याच ओढीनें गांठ आवळली जाते.

येथें घोड्याच्या केंसाची निवड विचारपूर्वक केलेली आहे. सुताची दोरी रात्रींच्या दंवानें भिजून लोळते आणि तिचें वर्तुळ मिटून जातें. केंस गुळगुळीत असल्यामुळें गांठ अडखळत नाहीं; ताठर असल्यामुळें वर्तुळ उघडें राहतें; आणि चिवट असल्यामुळें धडपड करणाऱ्या पांखराच्या हातून तुटत नाहीं. हरणासाठीं केंस पुरत नाहीं. तेथें जनावरांच्या स्नायूंची किंवा आंतड्याची वळलेली तांत वापरीत. एका लांब दोराला असे जाड फांसे लावून तो दोर हरणांच्या नेहमींच्या वाटेवर मेखांनीं बसवीत आणि मग दुसऱ्या बाजूनें कळपाला हळूहळू त्या दिशेस वळवीत. कळप उधळला कीं एखाददुसऱ्या जनावराचा पाय अडके.

तित्तिर पकडण्याची तऱ्हा याहूनहि चतुर होती. पारधी आपल्याबरोबर माणसाळलेला तित्तिर पिंजऱ्यांत घेऊन जाई. पिंजरा झुडुपाच्या आडोशाला ठेवून त्याच्या भोंवतीं फांसे मांडले कीं आंतला पक्षी आरवूं लागे. आपल्या हद्दींत हा कोण परका आला, या संतापानें रानांतला तित्तिर झुंजण्यासाठीं धांवून येई आणि अडके. कांहीं पारध्यांजवळ शिकवलेला बैल किंवा गाय असे. तिच्या आडून पावलापावलानें सरकत जाऊन ते फांसे मांडीत आणि पांखरांना बिचकूं न देतां तिकडे वळवीत. माळावर चरणाऱ्या गुराला रानांतलें जनावर भीत नाहीं, या एका निरीक्षणावर ही सारी युक्ति उभी होती.

हें साधन किती जुनें आहे याची साक्ष भाषाच देते. संस्कृतांत वागुरा हा शब्द हरिणें अडकविण्याच्या जाळ्यासाठीं किंवा पाशासाठीं येतो, आणि मराठींतील वाघूर हा त्याचाच वंशज. कालिदासानें रघुवंशाच्या नवव्या सर्गांत दशरथाच्या मृगयेचें वर्णन केलें आहे. तेथें राजा वनांत शिरण्यापूर्वीं श्वानपालांबरोबर वागुरिक, म्हणजे पाश घेऊन फिरणारे लोक, पुढें गेलेले दिसतात. राजाच्या बाणाचें कौतुक काव्यानें केलें. पण त्या बाणाची वाट अगोदर पाशवाल्यांनीं तयार केलेली होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत सिद्ध केलेल्या मानसोल्लास या ग्रंथांत मृगयेचे अनेक प्रकार राजाच्या करमणुकी म्हणून नोंदविले आहेत. पुढें अकबराच्या दरबारींहि ही विद्या मानाची होती. शिकवलेल्या हरणाच्या शिंगांना जाळें बांधून त्याला रानांतल्या हरणाशीं झुंजावयास सोडीत, अशी नोंद आईन-इ-अकबरींत आहे. सारांश, राजे येत आणि जात. त्यांच्या शिकारीची सिद्धता करणारा पाशवाला मात्र मागेंच राहिला. त्याच्याविषयींचा मजकूर इतिहासांत फार थोडा.

या पाशवाल्यांपैकींच महाराष्ट्रांत फांसेपारधी या नांवानें ओळखली जाणारी जमात. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातीजमातींवर १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत पारध्यांचे पोटभेद दिले आहेत. त्यांतील बहुतेक नांवें हत्यारावरून किंवा उपजीविकेच्या रीतीवरून पडलेलीं आहेत. फांसे लावणारे ते फांसेपारधी, चित्ता बाळगणारे ते चित्तापारधी, बैलाच्या आडून शिकार करणारे ते गायके, आणि जात्यांना टांकी लावणारे ते टाकणकर. घरांत मात्र हे लोक मराठी बोलत नाहींत. त्यांची बोली गुजरातीच्या कुळांतली आहे, आणि ग्रियर्सननें आपल्या भाषा-पाहणींत ती भिल्ली बोलींच्या खंडांत घातली आहे. तेव्हां हे लोक केव्हां तरी उत्तरेकडून किंवा पश्चिमेकडून दक्षिणेंत आले असावेत, असें अनुमान निघतें. येतांना ते बरोबर जें कांहीं घेऊन आले त्यांत फांशांची झोळी खासच असली पाहिजे.

आतां प्रश्न असा कीं, बंदूक आल्यानंतरहि हें जुनें साधन टिकलें कशामुळें? केवळ स्वस्ताई हें त्याचें उत्तर नव्हे. फांशांत एक गुण असा आहे कीं जो बंदुकींत, बाणांत अथवा भाल्यांत असूं शकत नाहीं. हीं हत्यारें जनावराला मारतात. फांसा त्याला धरून ठेवतो. मारलेलें जनावर परत उठत नाहीं, पण धरलेलें सोडतां येतें. या एका फरकांतून फांशाचे सगळे उपयोग निघाले.

पहिला उपयोग बाजाराचा. बर्फाची सोय नसलेल्या काळीं मारलेलें पांखरू एका दिवसांत नासे. जिवंत तित्तिर किंवा लावा टोपलींत घालून चार कोसांवरच्या आठवड्याच्या बाजारास नेतां येई आणि त्या दिवशीं गिऱ्हाईक मिळालें नाहीं तर पुढच्या बाजारापर्यंत दाणे टाकून सांभाळतां येई. दुसरा उपयोग शेताचा. काळविटांचा कळप ज्वारीच्या कोंवळ्या पिकांत शिरला कीं शेतकऱ्याची मोठी हानि होई. बंदुकीचा परवाना सामान्य कुणब्याला मिळणें कठीण, आणि दारूगोळ्याचा खर्च निराळाच. अशा वेळीं शिवाराबाहेर उतरलेल्या पारध्याला बोलावणें येई. त्याला राखण सांगितली जाई आणि मोबदला म्हणून धान्य मिळे. चार फांशांच्या माळा आणि दोन जागत्या रात्री यांनीं जें साधे तें नुसत्या आरडाओरड्यानें साधत नसे.

तिसरा उपयोग सर्वांत महत्त्वाचा, आणि तो उजेडांत आणण्याचें श्रेय विसाव्या शतकांतील संशोधकांना आहे. इंदापूर तालुक्यांत वडापुरी नांवाचें गांव आहे. भटकंती करणारे तिरमल नंदीवाले आपल्या ठराविक काळानें तेथें एकत्र जमत. मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनीं या लोकांचा दीर्घ अभ्यास केला. पुढें त्यांनीं आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनीं नंदीवाले, वैदू व फांसेपारधी या तीन भटक्या जमातींच्या शिकारीच्या पद्धतींची तुलना केली. तिच्यावरील लेखन १९८३ च्या सुमारास प्रसिद्ध झालें. तींतून दिसलें तें असें. हे तिन्ही समाज त्याच माळावर फिरत, पण एकमेकांच्या वाटेस जात नसत. नंदीवाल्यांचें साधन म्हणजे कुत्रीं. त्यांच्या बळावर ते रानडुकरासारखीं जनावरें मिळवीत. वैदूंचे सांपळे मुंगुसासारख्या लहान मांसाहारी प्राण्यांसाठीं असत, आणि पाण्यांतलें कांसव, खेंकडा व मासाहि त्यांच्याच वांट्याचा. फांसेपाऱ्ध्यांकडे काळवीट आणि तित्तिर-लाव्यांसारखे पक्षी. प्रत्येकाचें साधन निराळें म्हणून भक्ष्यहि निराळें. आणि भक्ष्य निराळें म्हणून भांडण नाहीं. ज्या माळावर एकाच तऱ्हेच्या शिकाऱ्यांनीं गर्दी केली असती तर शिकारच संपली असती, त्या माळावर तीन समाजांचें पोट चालत होतें.

याच अभ्यासांत आणखी एक गोष्ट नोंदली गेली. फांशांत गाभण हरिणी किंवा पाडस सांपडलें तर तें सोडून द्यावयाचें, अशी फांसेपारध्यांची जुनी रीत असल्याचें त्यांनीं सांगितलें. ही केवळ भूतदया होती असें समजण्याचें कारण नाहीं. आज सोडलेली हरिणी पुढच्या वर्षीं दोन होऊन भेटते, हा हिशेब उपाशी माणसालाहि कळतो. परंतु हिशेब कळून उपयोग नाहीं. तो पाळतां येईल असें साधन हातीं असावें लागतें. अंधारांत बंदूक झाडणाऱ्याला गाभण कोण आणि वांझ कोण हें गोळी लागल्यावरच समजतें. फांसेवाल्याला सकाळीं सांपडलेल्या जनावराजवळ जाऊन, त्याला हात लावून निर्णय घेतां येई.

ही घडी मोडली ती एका दिवसांत नव्हे. १८७६ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला आणि १८८५ पासून त्याचें पाणी बारामतीच्या रानांत खेळूं लागलें. पुढें भाटघरच्या धरणानें त्याला बारमाही आधार दिला. दुष्काळानें पिचलेल्या शेतकऱ्याला हें वरदान होतें यांत शंका नाहीं. परंतु जेथें जेथें पाट पोंचला तेथें तेथें गवताच्या जागीं ऊंस आला. विसाव्या शतकाच्या चवथ्या दशकांत इंदापूर तालुक्यांत कळंबजवळ वालचंदनगर उभें राहिलें आणि माळाचा आणखी मोठा तुकडा मळ्यांत गेला. माळ आटला तशी हरिणें आटलीं. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप गाड्या आणि प्रखर दिवे हौशी शिकाऱ्यांच्या हातीं आले. उघड्या सपाटीवर जीपपुढें धांवणाऱ्या काळविटाला पळून जाण्यास जागाच राहिली नाहीं. शतकानुशतकें फांशानें जें संपविलें नव्हतें तें बंदुकीनें आणि नांगरानें थोड्याच वर्षांत संपत आणलें.

माळाबरोबर माळावरच्या माणसावरहि घाला पडला. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ सालीं प्रथम उत्तर हिंदुस्थानांत झाला. १९११ च्या कायद्यानें त्याची व्याप्ति वाढून मुंबई इलाखाहि त्याच्या कक्षेंत आला, आणि फांसेपारध्यांवर जन्मानें गुन्हेगार असा शिक्का बसला. त्यांतील कांहींनीं चोऱ्या केल्या नाहींत असें नव्हे. पण कायद्यानें शिक्षा कृत्याला दिली नाहीं, कुळाला दिली. ठरलेल्या वेळीं पाटलाकडे किंवा चौकीवर हजेरी द्यावयाची, परवानगीवांचून गांव सोडावयाचें नाहीं. ज्याचा धंदाच ऋतूप्रमाणें माळामागून माळ बदलण्याचा, त्याला हजेरीनें एका जागीं बांधलें म्हणजे त्याचा धंदा बुडविला, आणि धंदा बुडाल्यावर त्यानें चोरी केली तर कायदा खराच ठरला, असें हें दुष्ट चक्र होतें. सोलापूरला तर कुंपणांत कोंडलेली वसाहतच उभारण्यांत आली. फांसा लावणारा स्वतःच फांशांत अडकला. आणि त्याला सोडून देण्याची रीत त्या कायद्यांत नव्हती.

याला एक सन्मान्य अपवाद कोल्हापुरांत घडला. राजर्षि शाहू छत्रपतींनीं फांसेपारध्यांना सोनतळीच्या आपल्या मुक्कामाजवळ आश्रय दिला, त्यांना पहाऱ्याचीं व इतर कामें दिलीं, आणि आपल्या संस्थानांत हजेरीची पद्धत बंद करण्याचें पाऊल १९१८ सालीं उचललें. ज्याच्यावर चोर म्हणून शिक्का, त्यालाच पहाऱ्यावर ठेवणें ही गोष्ट त्या काळीं धाडसाची होती. रात्रीच्या अंधारांत पावलाचा आवाज ओळखणारा, माग काढणारा आणि तासन् तास निश्चळ बसूं शकणारा माणूस पहाऱ्याला किती उपयोगी, हें ओळखण्यास शिकारी राजाच भेटावा लागला.

स्वातंत्र्यानंतर, १९५२ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस, तो कायदा सर्वत्र रद्द झाला. मात्र संशयाची दृष्टि रद्द झाली नाहीं. मुंबई राज्यांत १९५९ सालीं सराईत गुन्हेगारांसंबंधीं नवा कायदा झाला. त्यानें जमातीचें नांव गाळून व्यक्तीचें नांव घातलें. परंतु पोलिसांचा हात जुन्या संवयीनें त्याच पालांकडे वळत राहिला. आणि याच १९५९ सालीं, अगदीं निराळ्या दोन ठिकाणीं, केंसाच्या फांशाचें भाग्य उघडलें.

त्यांतील पहिलें ठिकाण अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्य. तेथील बर्गर व म्यूलर या दोन पक्षिशास्त्रज्ञांनीं पक्ष्यांच्या पायांत कडीं घालण्याच्या शास्त्राला वाहिलेल्या एका नियतकालिकांत त्या वर्षीं एक लेख लिहिला. त्यांचा विषय होता बाल-छत्री नांवाचा सांपळा. नांवावरूनच कळतें कीं ही वस्तु हिंदुस्थानची. ससाणे पकडणाऱ्या येथील लोकांकडून ती पाश्चात्यांना मिळाली. ती पारध्यांच्या झोळींतली वस्तु नव्हे, पण तिच्याच कुळांतली. एका लहान पिंजऱ्यांत उंदीर किंवा चिमणी ठेवावयाची आणि पिंजऱ्याच्या पाठीवर केंसांचे फांसे उभे करावयाचे. ससाणा झडप घालतो, आंतल्या भक्ष्याला धक्का लागत नाहीं, पण ससाण्याचीं बोटें फांशांत अडकतात. पुढें घोड्याच्या केंसाऐवजीं नायलॉनचा धागा आला, एवढाच फरक. चालत्या मोटारींतून रस्त्याच्या कडेला असा पिंजरा हळूच टाकावयाचा आणि तारेवर बसलेल्या ससाण्यानें झेंप घेतली कीं मागें येऊन त्याला उचलावयाचें, ही रीत तेथील संशोधकांत रूढ झाली. पक्षी मोजावा, तोलावा, त्याच्या पायांत क्रमांकाचें कडें घालावें आणि सोडून द्यावा. यासाठीं त्यांना असेंच साधन हवें होतें कीं जें पक्ष्याला धरील पण मारणार नाहीं. मोठमोठ्या प्रयोगशाळांच्या देशाला तें येथल्या फांशांत सांपडलें.

दुसरें ठिकाण आपलाच देश, आणि त्याचा संबंध पुण्याशीं पोंचतो. १९५७ सालीं म्हैसूर राज्यांतील शिमोगा जिल्ह्यांत, क्यासनूर नांवाच्या अरण्याजवळ, माकडें मरूं लागलीं आणि माणसांना भयंकर ताप येऊं लागला. पुण्यांत १९५२ पासून चालत असलेल्या विषाणु-संशोधन केंद्रानें त्या तापाचा विषाणु शोधून काढला. तो गोचिडींमार्फत पसरतो आणि रशियांतील एका रोगाच्या विषाणूशीं त्याचें नातें आहे, असें दिसून आलें. तेव्हां शंका निघाली कीं, हिंवाळ्यांत उत्तरेकडून येणारे पक्षी आपल्या अंगावरून या गोचिडी आणीत असतील काय? तिचा निकाल लावावयाचा तर पक्षी हजारोंच्या संख्येनें, जिवंत व निरोगी स्थितींत हातीं लागले पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेनें हें काम १९५९ मध्यें हातीं घेतलें आणि त्याची धुरा डॉ. सलीम अली यांनीं वाहिली. पक्षी पकडण्यासाठीं त्यांनीं बोलावले ते बिहारांतील मीरशिकार, म्हणजे वंशपरंपरेनें फांसे, जाळीं आणि चीक यांवर जगणारे लोक. परदेशी पक्षी तो रोग आणतात ही शंका पुढें सिद्ध झाली नाहीं. रोगाचें मूळ तेथल्याच रानांत आढळलें. परंतु त्या निमित्तानें हजारों पक्ष्यांच्या पायांत कडीं पडलीं, आणि आपल्या तळ्यांवर उतरणारे पाहुणे कोठून येतात व कोठें जातात याचें पक्कें ज्ञान देशाला प्रथमच मोठ्या प्रमाणावर मिळालें.

तेव्हां १९५९ या एकाच सालीं केंसाचा फांसा शास्त्राच्या मंदिरांत मानानें गेला आणि फांसेपारधी नव्या कायद्याच्या दारांत संशयित म्हणून उभा राहिला. वस्तूचें मोल जगाला कळलें. ती वस्तु ज्याच्या जातीचें नांव होती त्याचें मोल त्याच्या शेजाऱ्यालाहि कळलें नाहीं.

मात्र येथें एकांगी बोलणें उचित नव्हे. फांशाचा दुरुपयोगहि होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद केली आणि फांसा लावून जनावर पकडणें हाहि शिकारीचाच प्रकार मानला. माळ उरला नाहीं, हरिणें मूठभर राहिलीं, अशा स्थितींत हा निर्बंध आवश्यकच होता. शिवाय आज ठिकठिकाणीं लावले जातात ते फांसे केंसाचे नसून गाड्यांच्या पोलादी तारेचे असतात. तार मांसांत रुतते, ती लावणारा दिवसेंदिवस फिरकत नाहीं, आणि अडकलेलें जनावर, मग तें डुक्कर असो वा बिबट्या, तडफडून मरतें. तेथें धरणें आणि सोडणें यांतला जुना विवेकच संपला. साधन तेंच दिसतें. पण त्याच्या मागचा माणूस आणि त्याची रीत निघून गेली म्हणजे तेंच साधन किती क्रूर होतें, याचा हा पुरावा आहे.

बारामती तालुक्यांत सुप्याजवळ १९९७ सालीं मयुरेश्वर अभयारण्य जाहीर झालें. त्याचें क्षेत्र अवघें पांच चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे, पण तेवढ्याशा माळावर चिंकारा टिकून राहिला आहे. इंदापूर तालुक्यांत कडबनवाडीच्या माळावरहि चिंकारे दिसतात, आणि तेथल्या गांवकऱ्यांना त्यांचा अभिमान वाटतो. १९८० मध्यें उजनीचें धरण पुरें झाल्यापासून भिगवणच्या पाणथळीवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि एकेकाळीं नुसती मासेमारी करणारे कांहीं नावाडी आतां पाहुण्यांना पक्षी दाखवून पोट भरतात. पुण्यामुंबईचीं कुटुंबें दुर्बिणी घेऊन जातात, छायाचित्रें काढतात आणि संतोषानें परततात. त्या माळाच्या कडेला एखादें पारध्याचें पाल असेल तर त्याकडे त्यांची दुर्बीण क्वचितच वळते. त्या पालांतल्या कित्येक कुटुंबांना आजहि घरासाठीं जागा आणि मुलाच्या शाळेसाठीं दाखला मिळवितांना यातायात पडते.

वास्तविक त्या पालांतील वृद्ध माणसाजवळ अजूनहि तें ज्ञान असण्याचा संभव आहे, जें कोणत्याहि दुर्बिणींतून दिसत नाहीं. कोणत्या गवतांत लावा अंडीं घालतो, हरिणी कोणत्या महिन्यांत कळपापासून दूर होते, तित्तिर कोणत्या वाटेनें पाण्यावर येतो, हें ओळखल्याशिवाय फांसा लावतांच येत नसे. फांसा स्वस्त होता. तो कोठें लावावयाचा हें ज्ञान महाग होतें. तें ज्ञान राखणीच्या कामीं येऊं शकतें, याचा दाखला वऱ्हाडांत मिळाला आहे. अकोला व वाशीम या जिल्ह्यांत फांसेपारध्यांच्या कांहीं वस्त्यांनीं तणमोरासारख्या दुर्मिळ पक्ष्यासाठीं गवताळ जमिनी राखण्याचें काम अंगावर घेतलें. ज्याच्या वाडवडिलांनीं तो पक्षी पकडला, त्याचेच नातू आतां त्याचें घर सांभाळतात. त्यांना नवीन विद्या शिकावी लागली नाहीं. जुन्याच विद्येचें तोंड फिरवावें लागलें.

महाराष्ट्रांतील अनुसूचित जमातींच्या यादींत आजहि फांसेपारधी हें नांव आहे. राजांचीं बिरुदें गेलीं, जहागिरींचीं नांवें पुसलीं गेलीं, पण घोड्याच्या केंसाच्या एका गांठीवरून पडलेलें हें नांव सरकारी कागदावर टिकून आहे. कोल्हापुरच्या एका राजानें त्या नांवामागचा माणूस ओळखला आणि त्याच्या हातीं पहारा दिला. बारामती-इंदापूरच्या उरल्यासुरल्या माळालाहि आज पहारेकऱ्याचीच गरज आहे, आणि तो शोधण्यासाठीं फार दूर जावें लागेल असें नाहीं.